दाजींनी कधीच न विचारलेला प्रश्न

पुण्याहून भाचीचा फोन बहारीनला, मनामा शहरातल्या माझ्या बँकेत आला. "मामा, बाबा पास्ड अवे... व्हेरी पीसफुली." शांतपणेच जाणार! माझे मेहुणे मधुकरराव, आमचे दाजी, उभ्या जन्मात कशाच्या आड आले नाहीत, ते मरणाच्या कसे येतील? या गोष्टीला दीड महिना झाला. लोक अजून त्यांच्या सौजन्याबद्दल भरभरून बोलतात. मी मान डोलावतो आणि विषय बदलतो. एवढी मुत्सद्देगिरी मीही त्यांच्याकडून शिकलो.

परराष्ट्र खात्यात त्यांचा जन्म गेला. नैरोबी, प्राग, जकार्ता... सत्तरचं दशक संपता संपता ते भारतीय वकिलातीत फर्स्ट सेक्रेटरी म्हणून बहारीनला आले. मी आधीपासूनच इथे, उम्म अल हस्सम भागात राहत होतो. इतकं जग पाहिलेला माणूस काय काय सांगेल, म्हणून मी कान टवकारून बसायचो. प्राग कसं होतं? "थंड." नैरोबी? "उंचावर आहे." कुठल्याही देशाबद्दल त्यांना मत नव्हतं. घरच्या आमटीबद्दलही नव्हतं. "वेगळी झालीय," म्हणायचे. मग नलूताई दिवसभर डोकं खाजवायची, वेगळी म्हणजे बरी की वाईट?

ही माझी थोरली बहीण गणितात एम.एस्सी. लग्नानंतर तिने जे काही गणित केलं ते पार्टीला किती खुर्च्या लागतील याचं. माझ्या शेजारी कुडाळचे परब राहायचे, ईसा टाउनच्या शाळेची बस चालवायचे. एका शुक्रवारी ते ताईला म्हणाले, "ताई, गणिताची टीचर गावाक गेली, खलास! परत येवची नाय. प्रिन्सिपल माणूस शोधतत. तुमी शिकवतल्यात?"

ताईचा चेहरा असा उजळला की मला तिचं कॉलेज आठवलं. पण मुत्सद्द्याच्या बायकोला नोकरी करायची तर राजदूतांची परवानगी लागते. दाजी म्हणाले, "वर विचारावं लागेल. बघतो."

ताईने परबांकडून पुस्तकं मागवली. सुट्टीच्या शुक्रवारी दोघं माझ्याकडे आली की डायनिंग टेबलाशी बसून ती भूमिती सोडवत राहायची. दर आठवड्याला मी विचारायचो, आणि दाजी टायची गाठ नीट करत म्हणायचे, "अजून काही कळलं नाही. इंशाल्ला!" ताईसाठी थोडे दिवस थांबू म्हणणारी शाळा शेवटी किती थांबणार? केरळच्या एक बाई तिथे रुजू झाल्या. ताईने पुस्तकं परत केली.

दाजींची बदली झाली तेव्हा निरोपाच्या चहापानाला मीही होतो. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला. राजदूतांच्या पत्नी ताईचा हात धरून म्हणाल्या, "अरे, एक बार पूछ तो लेतीं! साहब उसी दिन हाँ कर देते."

ताईने दाजींकडे पाहिलं. दाजी समोशाकडे पाहत होते.

परत जाताना गाडी मी चालवत होतो. माझा पारा चढला होता. "दाजी, तुम्ही विचारलंच नव्हतं?"

"अरुण," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ज्याचं उत्तर आधी माहीत नाही, तो प्रश्न आमच्या खात्यात विचारत नाहीत. नकार आला असता तर?"

म्हणजे इतके महिने हा माणूस एका काल्पनिक नकारापासून स्वतःला जपत बसला होता, आणि बायको समोर भूमिती सोडवत होती! मला शिसारी आली. ताई मागच्या सीटवर होती, तिने सगळं ऐकलं. पुढे आणखी दोन देशांत ती त्यांच्या पार्ट्यांच्या खुर्च्या मांडत राहिली. मला याचाच राग जास्त येतो... तिचा नाही, त्यांचा. मेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये म्हणतात. दाजींनी नक्कीच लिहिलं नसतं.

दिवसपाणी झाल्यावर जरा बदल म्हणून ताईला मी इकडे घेऊन आलो. परवा खालच्या मजल्यावरच्या बाई भेटायला आल्या. गप्पांत ताईच्या शिक्षणाचं कळलं तशा त्या एकदम म्हणाल्या, "आमच्या मुलीला रोज थोडं गणित शिकवाल का? दहावीचं वर्ष आहे."

ताई सावरून बसली. डोळ्यांत काहीतरी हललं. मग पदर सारखा करत ती म्हणाली, "विचारून सांगते हं."

"कुणाला?" बाईंनी सहज विचारलं.

दाजी आत असावेत तशी ताई आतल्या रिकाम्या खोलीच्या दाराकडे बघत राहिली.