जाऊबाईंची मान

लग्न होऊन मी आरमोरीला आले तेव्हा आमच्या घरात दोन माग होते. एकावर माझे भासरे, म्हणजे थोरले दीर, बसत, दुसऱ्यावर माझा नवरा. दोघे भाऊ कोशाचं, म्हणजे रानरेशमाचं, कापड विणत. सासूसासरे आधीच गेलेले, म्हणून घरातली मोठी बाई म्हणजे माझी जाऊ. मागाला लागणारा धागा त्या घरीच काढायच्या. मलाही त्यांनीच शिकवलं.

जंगलातून आलेले कोसे राखेच्या पाण्यात उकळायचे. मऊ झाले की चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढायचे आणि मांडीवर तळहाताने वळून त्यांचा एक धागा करायचा. तंतू इतका बारीक की नजर जरा हलली तर तुटलाच. सकाळचा सडा झाला की जाऊबाई पडवीत बसत, आणि उन्हं कलेपर्यंत त्यांची हनुवटी छातीला टेकलेलीच असे. मला वाटायचं, मोठ्या घरची रीत असेल, बाईमाणसाने मान खाली घालून बसायची.

एके दिवशी गावावरून विमान गेलं. सगळी गल्ली बाहेर आली. मी हातातलं टाकून अंगणात धावले. वळून पाहते तर जाऊबाई खांबाला धरून उभ्या, नजर जमिनीवर.

"पाहा ना बाई, तिकडे, वर!"

"मान वर होत नाई वो," त्या हळूच म्हणाल्या. "कसं दिसून राह्यलं, सांग ना मले."

विमान कसं दिसतं ते मी त्यांना सांगितलं.

त्यानंतर मी जाड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून त्यांच्या मानेला शेक द्यायला लागले. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल कोमट करून खांद्यापर्यंत चोळायची. रात्रभर बरं वाटायचं, दुपारपर्यंत परत तेच. कोणीतरी सांगितलं म्हणून मान बसवणाऱ्याकडे नेलं. त्याने असा झटका दिला की त्या आठ दिवस पाणीसुद्धा धड पिऊ शकल्या नाहीत. शेवटी भासरे त्यांना चांद्याला दवाखान्यात घेऊन गेले. चंद्रपूरला तेव्हा आम्ही चांदाच म्हणत होतो.

डॉक्टरने औषध थोडं दिलं आणि बोलला जास्त. काम सोडा म्हणाला नाही, ते सुटणारं नाही हे त्याला दिसत असावं. पाठ भिंतीला टेकून बसायचं, पुढ्यातलं भांडं उंच घ्यायचं, मधून मधून उठून फिरून यायचं, उशाला गाठोडं घ्यायचं नाही.

भासरे अबोल माणूस. मी त्यांच्यापुढे पदर घेऊन असायची, त्यांचा आवाज मला मागाच्या आवाजाआडच ऐकू यायचा. परत आल्यावर त्यांनी एक दिवस माग बंद ठेवला. कुठूनसा आलापल्लीच्या सागाचा तुकडा आणला, आणि कोशांचं गंज, म्हणजे ते उकळायचं पातेलं, ठेवायला एक घडवंची स्वतः ठोकून केली. जाऊबाईंना पडवीच्या भिंतीशी बसवून ती उंचीला नीट आहे का ते तीनदा पाहिलं.

"गंज तं उंच झालं," जाऊबाई म्हणाल्या, "पन मांडी कशी उंच करू?"

"बोटाइले समजते तुया," भासरे म्हणाले. "डोये कायले लागते?"

पहिले काही दिवस धागा फार तुटला. कुठे जाड यायचा, कुठे बारीक. भासरे मुकाट्याने गाठी मारून विणत राहिले. हळूहळू जाऊबाईंची बोटं तयार झाली. त्या भिंतीला टेकून, मान सरळ ठेवून गल्लीकडे बघत धागा वळायला लागल्या. जरा वेळ झाला की मागावरून भासऱ्यांचं खोकणं यायचं. ती खूण होती. जाऊबाई उठून विहिरीपर्यंत जाऊन यायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला "काऊन बाई, बाजारात चालली का?" असं विचारायच्या. मान वर असलेला त्यांचा चेहरा मी तेव्हाच धड पाहिला. हसल्या की गालाला खळी पडायची.

पुढच्या पावसाळ्यात भासऱ्यांना हिवताप आला. कडू गोळ्या दिल्या, उतरला असं वाटलं, आणि परत आला. भाताची रोवणी चालू असताना ते गेले.

जाऊबाई दिवस झाल्यावर लगेच कामाला बसल्या. पण भिंतीशी नाही. पडवीच्या मधोमध, गल्लीकडे पाठ करून, पूर्वीसारख्या वाकून. मी गंज उचलून घडवंचीवर ठेवायची, त्या खाली उतरवायच्या. एकदा मी त्यांचा खांदा धरून म्हटलं, "बाई, मान वर करा. दुखते ना."

"वर करून पाहू कोनाले?"

मी शेजारी बसून तंतू ओढून द्यायला लागले.

दुखणं परत आलं आणि या वेळी हातात उतरलं. उजव्या हाताला मुंग्या यायच्या, मग बोटं बधिर व्हायला लागली. ज्या बोटांना न बघता धागा कळायचा, त्यांना आता तंतू धरलाय की सुटलाय हेच कळेना. एक दिवस त्यांनी कोसे पाण्यातच सोडले आणि चुलीपाशी येऊन बसल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. दिवाळीनंतर माहेराहून त्यांचा भाऊ बैलगाडी घेऊन आला. गाडीत चढताना त्या म्हणाल्या, "माया हातून आता काईच होत नाई. बसून खाऊ कशी वो तुमच्या घरी?" आम्ही दोघांनीही किती अडवलं. त्या थांबल्या नाहीत.

वर्षभराने मी एकदा भेटून आले. भावाच्या अंगणात मोहाखाली त्या बसल्या होत्या. मला ओळखलं ते पायांवरून. मी त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसले, तेव्हा कुठे त्यांना माझं तोंड दिसलं. भावजय चांगली होती, पण घर भरलेलं. परत आल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "बाईले घरी आनू. माया नजरेखाली राहतीन त्या. काम नाई करनार तं नाई." तोही कबूल झाला. भात कापून झालं की गाडी घेऊन जायचं ठरलं. पडवीची एक बाजू मी सारवून ठेवली, त्यांच्यासाठी नवी वाकळ शिवली.

कापणी अर्ध्यात असताना बाजाराला आलेल्या एका माणसाने जाऊबाई गेल्याचा निरोप आणला. नवरा शेतातूनच तिकडे निघाला. तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं.

वाकळ पुष्कळ दिवस घडी घालून तशीच होती. पुढे मला लेक झाली, तेव्हा तिच्याखाली घातली.