शेठजीच्या मोटरीतली चौथी जागा

खेडोपाडी पत्रकं वाटायला आम्हा चौघा मित्रांना वेगवान मोटर हवी होती. वर्गणीत जुनीच येणार होती. अकोल्यात दोन पाहिल्या. एक विलायतेला परत निघालेल्या साहेबाची, शर्यतीत धावलेली, पण दोघांपुरती. दुसरी कापसाचं जिन चालवणाऱ्या एका शेठजीची, तितकीच दमदार आणि चौघांची. त्याच शेठजीनं मजुरी कापली म्हणून मी त्याच्याविरुद्ध पत्रक लिहिलं होतं.

"साहेबाचीच घेऊ," मी म्हणालो.

"अन् दोघं काय मागून पयत येतीन?" जवळचा मित्र हसला. "गाडीनं काय पाप केलं बे?"

"मजुराच्या पैशाची हाय ते."

"मंग साहेबाची काय घामाची हाय?"

त्याचं खरं होतं. "मंग एकही नको," मी म्हणालो.

तिघांनी शेठजीची घेतली.

पुढं एकदा पत्रकांची पिशवी घेऊन मी भातकुलीला एकटाच पायी निघालो होतो. मागून मोटर येऊन थांबली. मित्रानं दार उघडलं.

"चाल ना बे. तुही जागा रिकामीच हाय."

"तुमी व्हा पुढं."

दार लागलं. धूळ बसल्यावरही इंजिनाचा नितळ आवाज ऐकू येत होता. अकोल्यात झाकण उघडून ते इंजिन सगळ्यांआधी मीच पसंत केलं होतं.