अनवाणी फेरी

शाळेत मोठ्या बाईंना अनवाणी पाहिल्याचे कोणाला आठवत नव्हते. टायरच्या तळाच्या त्यांच्या जाड चपला व्हरांड्याच्या टोकाला वाजल्या, की मुली आपोआप रांगेत उभ्या राहत. परंतु हिवाळी शिबिराच्या शेवटच्या सकाळी, तंबू उतरून वळकट्या बांधून झाल्या आणि एस.टी. येऊन सडकेवर उभी राहिली, की बाई त्या चपला काढीत, माझ्या हाती देत आणि ज्या पडितात, म्हणजे न पेरलेल्या रानात, आमचा मुक्काम झालेला असे, त्या सबंध पडितावरून अनवाणी चालून येत. त्यांच्या पायाला काही टोचले नाही, तरच आम्हाला निघण्याची मुभा असे. दुसऱ्याच्या चपला हातात धरून उभे राहणे ही तशी किरकोळ जबाबदारी. पण ती फेरी पुरी होईपर्यंत माझा श्वास काही मोकळा होत नसे.

हिंगणघाटच्या ज्या मुलींच्या शाळेत मी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मराठी शिकवायला लागले, तेथे त्या कवायतीच्या शिक्षिका होत्या. ‘मोठ्या’ हे विशेषण त्यांना अधिकारामुळे नव्हे, उंचीमुळे चिकटले होते. शिबिराला सोबत आणखी एक शिक्षिका हवी असे, आणि नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात नसल्यामुळे ती शिक्षिका दरवर्षी मीच असे. वर्गात बाई पुस्तकी मराठी बोलत. शाळेचे फाटक ओलांडले, की त्यांच्या सिंदी गावची बोली तोंडी येई. मला त्या ‘मराठीवाल्या’ म्हणत. “ओ मराठीवाल्या, तुमचं शुद्धलेखन राहू द्या, आधी तंबूची खुंटी सरळ ठोका.”

ते पडीत वडनेरजवळ नाल्याकाठी होते आणि नामदेवराव नावाच्या कास्तकाराच्या मालकीचे होते. मोबदला ते काही घेत नसत. त्यांची अट एकच होती: “माह्या बैलाच्या पायाले काई लागू नये.” आम्ही उठलो, की त्याच दिवशी त्यांचे बैल तेथे चरायला सुटत, शिवाय कपाशी वेचणाऱ्या बाया डोक्यावर गाठोडी घेऊन त्याच पायवाटेने जात, आणि त्यांतल्या बहुतेक अनवाणी असत. फेरीच्या वेळी बाईंची नजर जमिनीवर नसे, समोरच्या आंब्यावर असे. खाली पाहून चालल्यास अधिक बरे होणार नाही का, असे मी पहिल्या वर्षी भीत भीत विचारले होते. “बैल पाहून चालते का? वेचणीवाल्या बाया गाठोडं घेऊन खाली पायतात का?” त्या म्हणाल्या. “मंग मी काऊन पाहू? डोये फसवते, पाय नाई फसवत.”

काचेच्या बांगड्यांची त्यांना सर्वांत अधिक धास्ती असे. खो-खो खेळताना बांगडी पिचली, की तिचे तुकडे कोठल्या कोठे उडतात. म्हणून पहिल्या शिबिरात त्यांनी मुलींच्या बांगड्या उतरवून ठेवल्या, आणि परतल्यावर एका मुलीची आई शाळेत येऊन उभी राहिली. “पोरीचे हात भुंडे ठेवले तुमी बाई. लेकीबाळींचे हात असे ठेवतात का?” बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या वर्षापासून प्रत्येक मुलीने जुन्या लुगड्याची चिंधी आणायची आणि मनगटावरच्या सगळ्या बांगड्या तिच्यात गुंडाळून बांधायच्या, असा नेम झाला. ती माउली पुन्हा आली, तेव्हा बाई म्हणाल्या, “पाहा, भुंडे नाई ठेवले. तुमच्या सासूनं बी तुमाले इतकं गुंडाळून जपलं नसन.” ती हसली, आणि तो प्रश्न तेथेच मिटला.

या धास्तीचे मूळ त्यांनी मला एकदाच सांगितले, तेही संध्याकाळी तुरीच्या शेंगा सोलता सोलता, माझ्याकडे न पाहता. सिंदीला त्यांच्या वडिलांच्या शेतात एका लग्नाचे वऱ्हाड उतरले होते. वऱ्हाड गेल्यावर घरच्या बैलाच्या खुरात काच गेली. कोणाला कळले नाही. बैल काही दिवस लंगडत कामाला जात राहिला, नंतर उभाच राहीना. “वऱ्हाडी जेवून आशीर्वाद देऊन गेले,” बाई म्हणाल्या. “त्याईले आजवर माईत नाई, की त्याईनं काय ठेवून देलं.” एवढे बोलून त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली.

आम्ही गेल्यावर नामदेवराव पडितावरून एक चक्कर टाकीत आणि एक थट्टा वर्षभर जपून पुढच्या शिबिरात ऐकवीत. “बाई, तुमी गेल्या का मले वाटते, अठी कोणी आलतंच नाई. चोरबी इतकं साफ करून नाई जात.” ही थट्टा ऐकून बाईंचा चेहरा जसा फुलत असे, तसा फुललेला तो बक्षीस-समारंभातही मी कधी पाहिला नाही.

ऐंशीनंतर सडक डांबरी झाली आणि नाल्याकाठची ती सावली इतरांनाही ठाऊक झाली. रविवारी जीपगाड्या येऊ लागल्या. लोक तंबू ठोकून रात्र काढीत, आणि ते गेल्यावर बाटल्या, डबे, टॉर्चचे संपलेले सेल, दाढीची पाती आणि त्या सुमारास नव्याने आलेल्या पातळ प्लास्टिकच्या पिशव्या मागे उरत. नामदेवराव बाजाराच्या दिवशी शाळेत आले. आवाज न चढवता ते म्हणाले, “बाई, तुमच्या शिबिरवाल्याइनं लय घाण करून ठेवली.”

“ते आमचे नाई, नामदेवराव.”

“मले काय माईत कोणता कोणाचा? तंबू ठोकला का तो शिबिरवाला. या साली या तुमी, मी नाई म्हणत नाई. पण बैलाले काई झालं, तर मंग मी कोणालेच येऊ देणार नाई. तुमालेबी नाई.”

त्या दिवसापासून बाईंचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. हे शिबिर म्हणजे त्यांनी शाळेत एकटीच्या बळावर उभी केलेली एकमेव गोष्ट होती. मुलींना घराबाहेर मुक्कामाला पाठवायला पालक राजी होत, ते केवळ ही जागा आणि ह्या बाई त्यांच्या परिचयाच्या होत्या म्हणून. सोमवारी सकाळी शिक्षकखोलीत त्या माझ्याजवळ येऊन हळूच विचारीत, “काल रविवार होता. गेलं असन का कोणी तिकडं?” मला ते कसे ठाऊक असणार? मग दुपारच्या गाडीने आम्ही दोघी एक पोते घेऊन वडनेरला जात असू आणि अनोळखी लोकांच्या बाटल्या वेचीत असू. “लोकाच्या घरचं उष्टं काढून राह्यलो आपण,” त्या म्हणत, आणि वेचीत राहत. त्यांना साखरेचा आजार जडला होता; डॉक्टरांनी गोड बंद केले होते. बिनसाखरेचा चहा पिताना त्या म्हणत, “आता माहा चहाबी तुमच्या व्याकरणावानी झाला.” त्या आजाराविषयी याहून अधिक बोलणे आमच्यात कधी झाले नाही.

त्या हिवाळ्यात शिबिराच्या अखेरच्या संध्याकाळी आवराआवर करताना एका मुलीच्या हातून कंदिलाची काच फुटली. कोणी रागावले नाही. बाईंनी सगळे तुकडे एका परातीत गोळा करवले आणि मुलींना ते एकमेकांना जुळवायला बसवले. जुळवणी पुरी झाली, तेव्हा काचेच्या कडेला नखाएवढी जागा रिकामी उरली होती. सकाळी उजाडताच मुली ओळीने गुडघ्यांवर बसून शोधत सरकू लागल्या. तो तुकडा मिळाला नाही. एस.टी. आली. ड्रायव्हरने आधी एकदा आणि नंतर पुन्हा हॉर्न वाजवला. धुऱ्याच्या बांधावर नामदेवराव दोन्ही बैलांची दावी हातात धरून येऊन उभे राहिले होते. काच फुटल्याचे त्यांच्या कानावर गेले होते.

बाईंनी चपला काढून माझ्या हाती दिल्या.

त्या नेहमीप्रमाणे समोर पाहत निघाल्या. नांगराच्या तासांसारख्या सरळ, एकीला लागून दुसरी अशा त्यांच्या फेऱ्या पडत होत्या, आणि मी धुऱ्याच्या कडेने बरोबर सरकत होते. चुलीपाशी त्या थबकल्या नाहीत. आंब्याखालीही थबकल्या नाहीत. शेवटच्या फेरीत त्यांनी खो-खोच्या मैदानावर आखलेली चुन्याची रेघ ओलांडली आणि लांबूनच मला म्हणाल्या, “साफ आहे.” कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा लागला होता. मी मात्र त्या रेघेकडे पाहत होते. काळ्या मातीवर काही दिसत नव्हते. पांढऱ्या चुन्यावर त्यांच्या पायाचा ठसा लाल उमटला होता.

“बाई,” मी म्हणाले, “पाय.”

त्यांना वळकटीवर बसवून मी तळवा पाहिला. बोटांच्या मुळाशी काच रुतली होती. मी ती चिमटीत धरून ओढून काढली. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. तो तुकडा कंदिलाचा नव्हता. जाड, तपकिरी, बाटलीचा होता. नामदेवराव वाकून पाहत म्हणाले, “हे त्या जीपवाल्याइचं हाय. तुमचं नाई हे, बाई.”

“माह्या पायात निंगालं,” बाई म्हणाल्या. “आता माहंच.”

मग त्या जखमेकडे न पाहता मागे पसरलेल्या सबंध पडिताकडे पाहू लागल्या. “दुखलंच नाई मले,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या वेळाने, अगदी हलक्या आवाजात, “कवापासून दुखत नसन हो?”

ह्या प्रश्नाचा अर्थ उमजायला मला एक क्षण लागला. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ‘साफ आहे’ म्हटले होते. त्याच्या आदल्या वर्षीही म्हटले होते. त्या शब्दावर बैल सुटले होते, बाया चालल्या होत्या. ह्यांपैकी कोणत्या वर्षापर्यंत त्यांचा पाय खरे सांगत होता, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हते.

मुलींना एवढे कळले, की फेरी पुरी झालेली नाही. आधी एकीने आणि मग सगळ्यांनीच चपला काढायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, “घाला त्या. हे काम पोरींच्या पायानं नाई करायचं.” त्या स्वतः पुन्हा उठू लागल्या. तेव्हा आयुष्यात आपणहून फारसे काही न केलेल्या मी माझ्या चपला काढल्या आणि त्यांच्या हाती दिल्या. त्यांनी त्या घेतल्या आणि मांडीवर धरून बसल्या.

खाली पाहायचे नाही, एवढा नियम मला ठाऊक होता. समोरचा आंबा धरून चालताना मला कळले, की जमीन किती बोलते. थंड ढेकूळ, वाळलेले शेण, कपाशीच्या वाळक्या काड्यांची पराटी आणि सराट्याचे काटे. प्रत्येक काट्याला माझा जीव वर येई, आणि तो काटाच आहे हे कळले की खाली जाई. चुलीच्या पलीकडे, मुलींनी राख पसरली होती त्या कडेला, तळव्याला काहीतरी पातळ आणि गार लागले. मी पाऊल तसेच अधांतरी धरले. तो तुकडा आणून परातीत ठेवला, तेव्हा तो रिकाम्या जागेत बरोबर बसला. उरलेली फेरी मी तरीही पुरी केली. नामदेवरावांनी तोवर बैल सोडले नाहीत. मी परतले, तेव्हा त्यांनी दावी सैल केली आणि बाईंना म्हणाले, “पुढच्या साली याजा. त्या जीपवाल्याइचं पाहून घेतो मी.”

साखरेमुळे बाईंची ती जखम भरली नाही. दवाखान्याच्या अनेक खेपा झाल्या, पायाची दोन बोटे काढावी लागली, आणि पुढच्या शिबिराला त्या आल्या नाहीत. शिबिर माझ्याकडे आले, फेरीही आली. परतल्यावर मी घरी न जाता आधी त्यांच्याकडे जाई. शिबिर कसे झाले, मुली किती होत्या, असे काही त्या विचारीत नसत. आत पाऊल ठेवताच म्हणत, “पाय दाखव.” ‘तुम्ही’चे ‘तू’ केव्हा झाले, ते माझ्याही ध्यानात आले नव्हते. त्यांची नजर अधू झाली होती. तळव्यावरून त्या बोटे फिरवीत, आणि एखादा काटा लागला की तो दाबून पाहत.

“दुखते का?”

“हो, बाई.”

“दुखते न? मंग बरं आहे.” आणि मग आत आवाज देऊन माझ्यासाठी साखरेचा चहा सांगत.

एका उन्हाळ्यात त्या गेल्या. त्यानंतरच्या हिवाळ्यात फेरीत एक सराटा माझ्या टाचेत बराच खोल गेला. मी तो काढला नाही. चपला घालून एस.टी.त जाऊन बसले, आणि हिंगणघाट येईपर्यंत अधूनमधून टाच टेकवून तो दुखतो आहे ना, हे पाहत राहिले.