चारशे एकोणतीसचं बक्कल

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मी रेल्वे पोलिसात भरती झालो तेव्हा वडील म्हणाले, "बरं झालं. आता पगार घेऊन भांडशील." वांगणीजवळ आमची भातशेती. थोरला भाऊ अंबरनाथला कारखान्यात होता आणि मलाही तिथेच चिकटवायचं असं ठरलेलं. पण मला कुणाच्या हाताखाली मशीन पुसत बसायचं नव्हतं, मला खाकी हवी होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गावातून खाकीत गेलेला मी पहिलाच, आणि छाती चांगली इंचभर फुगली होती, खोटं कशाला बोलू.

ट्रेनिंग संपलं आणि उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यातल्या एका चौकीवर नेमणूक झाली. कुठलं स्टेशन ते सांगत नाही, त्यातली काही माणसं अजून आहेत. सामानात कमरेचा पट्टा मिळाला, त्याला पितळी बक्कल, बक्कलावर उठावाचे आकडे: चार, दोन, नऊ. आमच्यात शिपायाला नावाने हाक कोण मारतो? नंबरानेच मारतात. मी चौकीच्या हवालदारांसमोर टाचा जुळवून उभा राहिलो. त्यांनी माझा चेहरा बघितलाच नाही, आधी पट्टा बघितला. हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "हा नंबर परत काढला होय?"

याआधीचा चारशे एकोणतीस वर्षभरापूर्वी ड्युटीवर असताना गाडीखाली गेला होता. भर दुपारी, मोकळ्या रुळांवर, समोरून येणारी गाडी लख्ख दिसत असताना. नोंद अपघाताची. नंबर रिकामा झाला तो माझ्या वाट्याला आला. माझं डोकंच सटकलं. मेलेल्या माणसाचा नंबर देताय आणि साधं सांगतही नाही, असं मी तोंडावर विचारलं. हवालदार शांतपणे म्हणाले, "सांगून काय केलं असतंस? पट्ट्याशिवाय उभा राहिला असतास?"

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी फलाटावरच्या स्टॉलवाल्याने न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे केला. मी डाफरलो. तो बिचारा चमकला, म्हणाला, "साहेब, सवयीने हात गेला. एकोणतीस साहेब असाच घ्यायचे." मी रागारागात तो चहा तसाच प्यायलो. जन्मात कधी बिनसाखरेचा चहा घेतला नव्हता, पण आवडला.

गुरुवारी दुपारी ती आली. उल्हासनगरच्या कॅम्पात एकटी राहणारी सिंधी म्हातारी, पापड लाटून पोट भरणारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजेड-अंधारापलीकडे फार काही दिसत नसावं. चौकीत शिरली आणि उभ्या शिपायांच्या बक्कलांवरून बोटं फिरवत निघाली. माझ्यापाशी आली तेव्हा बोटं थांबली.

"चार. दो. नौ." तिने माझं मनगट धरलं. "आ गया तू, पुट, मेरे बेटे? इतने दिन किधर था?"

तिच्या पाठीमागून हवालदार मानेने खुणावत होते, हो म्हण.

"बीमार था, अम्मा."

"हां, आवाज बैठ गया है तेरा," ती म्हणाली. "मेरा लड़का मिला?"

हवालदारांनी नकाराची मान हलवली. "अभी नहीं," मी म्हटलं. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला, काही पुटपुटली आणि भिंतीच्या आधाराने निघून गेली.

मग हवालदारांनी अर्धवट सांगितलं. चार वर्षांपूर्वी तिचा एकुलता एक मुलगा घरातून गेला तो परत आला नाही. तक्रार आधीच्या एकोणतीसने लिहून घेतली होती. तेव्हापासून ती दर गुरुवारी येते आणि त्याच नंबराला विचारते. तो शिपाई गेल्यावरही वर्षभर येत राहिली, बक्कलं चाचपून परत जायची. एकोणतीस मेला हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही. "तू फक्त 'अभी नहीं' म्हण," ते म्हणाले. "तुझं काय जातंय?"

दर गुरुवारी मी म्हणत गेलो. आणि हळूहळू काहीतरी विचित्र व्हायला लागलं. एक जुना शिपाई म्हणाला, "तू खांबाला टेकतोस तेव्हा मला धस्स होतं. तोही असाच टेकायचा, डावा पाय मुडपून." मला खांबाला टेकायची सवय कधीच नव्हती. रजेवर घरी गेलो आणि जेवून जरा लवंडलो तर आईने हलवून उठवलं. म्हणाली, "झोपेत 'अभी नहीं, अभी नहीं' काय करतोस रे? आणि आवाज कुणाचा काढतोस?" तिने मीठमोहरी ओवाळून टाकली. मी हसलो, पण पुन्हा लवंडलो नाही.

एका दुपारी फलाटावर कंगवे विकणारा एक पोरगेला फेरीवाला दिसला. परवाना नाही. मी हटकल्यावर पळाला, म्हणून मीही धावलो. फलाटाच्या टोकाला त्याची कॉलर माझ्या बोटांना लागली न लागली तोच त्याने रुळांवर उडी मारली. भोंगा ऐकू आला. गाडी मध्ये आली, धडधडत गेली, आणि पलीकडे तो उभा होता, धडधाकट, हातातले कंगवे सांडलेले. मी तिथेच खाली बसलो.

हवालदार धावत आले. "इथूनच," ते म्हणाले. "अगदी इथूनच." आणि मग राहिलेलं अर्धं सांगितलं. म्हातारीचा मुलगा गाडीत रुमाल विकायचा. आधीचा एकोणतीस त्याच्यामागे असाच धावला आणि पोराने अशीच उडी मारली. ओळख पटवायला काही उरलं नव्हतं, बेवारस म्हणून त्याचं सगळं उरकलं. आठवड्याने म्हातारी तक्रार द्यायला आली ती नेमकी त्याच्याच टेबलासमोर. मुलाचं वर्णन ऐकूनच त्याने ओळखलं. त्याच्या तोंडून सत्य काही फुटेना. "ढूंढता हूं, अम्मा," एवढंच म्हणाला.

म्हणजे दर गुरुवारी ती ज्या नंबराला आशीर्वाद देत होती, त्याच नंबराने तिचा मुलगा पळवत पळवत मरणाच्या तोंडी दिला होता. मला ते सोसेना. म्हातारी मरेपर्यंत दाराकडे कान लावून बसणार आणि आम्ही पगारी माणसं तिला झुलवत ठेवणार. मी ठरवलं, येत्या गुरुवारी सांगून टाकायचं. आठवडाभर वाक्य घोकलं: अम्मा, तुमचा मुलगा गाडीखाली गेला, एक पोलीस त्याच्यामागे धावला होता, तो पोलीसही आता नाही, मी दुसरा आहे.

गुरुवारी मी तिला बाकावर बसवलं. तिची बोटं नेहमीसारखी बक्कलावर आली. मी सुरुवात केली. मुलगा नाही, हे सांगितलं. कसा गेला तेही सांगितलं. एक पोलीस मागे धावला होता, असं म्हणालो आणि दम घ्यायला थांबलो.

तिची बोटं आकड्यांवर तशीच होती. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "तू था?"

उरलेलं वाक्य तोंडात तयार होतं, फक्त उच्चारायचं होतं. पण तो माणूस मेला म्हटलं असतं तर तिने विचारायचं कुणाला, बोलायचं कुणाला? आणि खरं सांगू, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच दिसत होतं, बोटांना लागून निसटलेली कॉलर.

"हां अम्मा," मी म्हटलं. "मैं था."

मग तिने विचारलं, "चप्पल थी उसके पांव में?"

"थी."

तिने हात काढून घेतला, उठली आणि भिंत चाचपत गेली. पुन्हा कधी आली नाही. हवालदार दारात उभे राहून सगळं ऐकत होते. ती गेल्यावर आत आले आणि म्हणाले, "अरे, खरं सांगणार होतास ना?"

"खरंच सांगितलं," मी म्हणालो.