घाटपांडेकाका, व्याही आणि एक वाकडं मडकं

आमच्या इमारतीत बातमी पसरली होती, की घाटपांडेकाकांना संग्रहालयात पाच हजार वर्षांपूर्वीच्या मडक्यात हात घातलेला असताना रखवालदाराने पकडलं. दुपारी त्या मडक्यात सोन्याचे मणी आले, आणि संध्याकाळच्या चहापर्यंत संग्रहालयात पोलीसही आले.

तर तसं काही नाही. मडकं पाच हजार वर्षांचं नव्हतं, त्याच सकाळी जन्मलेलं होतं. मणी नव्हते, पोलीस नव्हते. हात मात्र होता, आणि तो काकांचाच होता. मी तिथे होते म्हणून सांगते.

गोपाळकृष्ण घाटपांडे माझ्या समोरच्या दारात राहतात. जन्म नारायण पेठेत, शाळा नारायण पेठेत, मग विमा कार्यालयात नोकरी आणि निवृत्तीनंतर पुन्हा नारायण पेठच. सडसडीत बांधा, कडक इस्त्रीची पँट, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी रांग मोडून पुढे गेल्याचा भाव. स्वभाव मूळचाच मत्सरी. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही असं नाही, पण तोंडावरही बोलते.

कार्यालयात कुणाला बढती मिळाली की काका त्याचा पेढा खायचे आणि ‘खवा जरा आंबूस वाटतो’ म्हणायचे. मंडईतला एक भाजीवाला श्यामलाकाकूंना कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकून द्यायचा आणि काकांना द्यायचा नाही, म्हणून घराचा भाजीवाला बदलला. पलीकडच्या सोसायटीतला बहावा आमच्या बहाव्याच्या आधी फुलला, तर त्या बाजूची खिडकी बंद. काकू शेवटी म्हणाल्या, “अहो, झाडांनी तरी आपल्याला विचारून फुलायचं का?”

पण हे सगळे मत्सर किरकोळ. काकांच्या आयुष्यातला खरा मत्सर उशिरा आला, आणि तो वाशिमहून आला.

त्याचं नाव बद्रीनाथ गावंडे. काकांचे व्याही, म्हणजे सूनबाई भाग्यश्रीचे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, अंगाने ऐसपैस, आवाजाने त्याहून ऐसपैस. पत्नी गेल्यावर लेकीने त्यांना हडपसरला आपल्या घरी आणलं. काकांचा मुलगा आमोद आणि भाग्यश्री दोघंही आयटीत, दिवसभर बाहेर. त्यामुळे आठ वर्षांच्या शुभंकरला शाळेच्या बसमधून उतरवून घेणं, दूध देणं, गृहपाठाला बसवणं, सगळं बद्रीनाथरावांकडे, म्हणजे त्याच्या नानांकडे. आणि आमचे काका? त्यांना नातू मिळायचा रविवारी, तोही त्या दिवशी कुठे वाढदिवस नसला तर.

“दात पडला त्याचा,” एकदा काका जिन्यात मला म्हणाले. “पुढचा. मला कळलं कशावरून? फोटोवरून. पडताना तिथे कोण होतं विचारलं, तर म्हणे नाना. त्यांना नाना म्हणतो, घरातलं माणूस असल्यासारखं. आणि मला आजोबा. शाळेच्या फॉर्मवर लिहितात तसं.”

“अहो काका, ते रोज असतात तिथे. दात काय तुमच्या रविवारची वाट बघणार?”

“बघायला काय झालं होतं?” काका म्हणाले.

अशात एप्रिलच्या शेवटी पेपरात छोटी बातमी आली. शहरातल्या एका संग्रहालयात सुट्टीचा कौटुंबिक उपक्रम होता: प्राचीन संस्कृतींची ओळख. सिंधूकाठची माणसं मडकी कशी घडवत, मुद्रा कशा कोरत, धान्य कसं दळत, ते घरच्यांनी मिळून स्वतः करून बघायचं. काकांनी पेपर बाजूला ठेवण्याआधी संग्रहालयाला फोन केला होता. इतिहास म्हणजे काकांचं राज्य. तिथे वाशिमचं काही चालणार नव्हतं.

मग तयारी. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आली. मंडईत कैऱ्या आणायला गेलेले काका कसब्यातल्या कुंभारवाड्यातून शाडूची पिशवी घेऊन परतले, आणि कैऱ्या राहिल्याच. शाडू संपल्यावर कणकेवर हात गेला. काकांनी पोळपाटावर वशिंड असलेला बैल कोरला, काकूंनी त्याची घडीची पोळी केली आणि त्यांनाच वाढली.

“आमच्या घरात संस्कृती फार टिकत नाही,” काका पोळी खाता खाता म्हणाले.

जायच्या आदल्या दिवशी काकू मला म्हणाल्या, “नम्रता, तूही जा गं. माझे गुडघे काही दिवसभर उभं राहू द्यायचे नाहीत, आणि यांना आवरायला कुणीतरी हवं.” आवरायचं माझ्याच्याने काय होणार होतं? पण गंमत फुकट बघायला मिळत असेल तर मी नाही म्हणत नाही.

संग्रहालयाच्या अंगणात मांडव घातला होता. खाली बसक्या बैठका, प्रत्येकीवर ओल्या मातीचा गोळा आणि पाण्याची वाटी. हडपसरची मंडळी आधीच आली होती. शुभंकर नानांच्या बोटाला धरून उभा. काकांनी ते बघितलं, आणि घड्याळाकडे बघितल्यासारखं केलं.

अपूर्वा नावाची एक चुणचुणीत मुलगी उपक्रम घेत होती. तिने सांगितलं, “जागा थोडी आहे. एका मुलाबरोबर एकच मोठं माणूस बसेल. बाकीच्यांनी दोरीमागे उभं राहून बघायचं.”

आमोद आणि भाग्यश्री लगेच मागे सरले. काका कशासाठी आलेत ते त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. शुभंकरलाही ठाऊक असावं. काकांनी बाह्या दुमडल्या, एक पाऊल पुढे टाकलं, आणि मग त्यांच्या आतली सगळी नारायण पेठ जागी झाली. व्याह्यांना न विचारता बसायचं? मुलीकडच्या माणसाचा मान? काका वळले, किंचित वाकले आणि हात पुढे करून म्हणाले, “या व्याही. आपण बसा.”

आता हे वाक्य आमच्याकडे कसं वापरतात ते सांगायला हवं. ‘आपण बसा’ म्हटल्यावर समोरच्याने म्हणायचं, ‘छे छे, आपणच.’ मग पुन्हा ‘असं कसं, आपण पाहुणे.’ मग पुन्हा ‘नाही हो, आपला अधिकार.’ आणि ज्याला खरोखर बसायचं आहे त्याने शेवटी ‘आता आपण एवढं म्हणताच आहात तर’ असं म्हणत नाइलाजाने बसायचं. लग्नाच्या पंगतीपासून बँकेतल्या बाकड्यापर्यंत आम्ही हेच करतो. अन्न गार होतं, पण रीत मोडत नाही.

बद्रीनाथरावांच्या गावी ही रीत नव्हती. तिथे ‘बसा’चा अर्थ ‘बसा’.

“मी बसू म्हणता? बरं जी, बसतो,” ते म्हणाले, आणि मांडी घालून बसलेसुद्धा.

काकांचा हात तसाच पुढे राहिला. मी तो हलकेच खाली केला.

“काका, दुसऱ्यांदा तरी विचारायचं राहिलं तुमचं.”

“त्यांनी पहिल्यांदा नाही म्हणायचं राहिलं!” काका दातांतल्या दातांत म्हणाले.

पुढचा सगळा वेळ काका दोरीमागे होते, पण मन दोरीच्या पुढे. अपूर्वाने मातीच्या लांब वळ्या करून एकावर एक रचायला सांगितल्या, की काकांचा आवाज यायचा, “शुभंकर, सिंधू संस्कृतीत चाकही होतं बरं का!” तिने तळ थापायला सांगितला, की, “लोथलला गोदी होती, विसरू नकोस!” शेवटी ती गोड हसून म्हणाली, “आजोबा, मुलांना त्यांचं त्यांचं करू द्या ना.”

“करू देतोच आहे. फक्त बरोबर करू देतोय.”

बैठकीवर मात्र वेगळाच कारभार चालला होता. बद्रीनाथरावांना सिंधू संस्कृतीतलं काही येत नव्हतं, आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. शुभंकरने विचारलं, “नाना, हे लोक कधी राहायचे?” तर म्हणाले, “लई आधी बाप्पा. माह्याही आधी.” पोरगं खिदळलं. मडकं एका बाजूला कललं. नानांनी त्याला मातीचे दोन डोळे लावले आणि म्हणाले, “हे पाह्य, आता कसं वाकडं पाह्यते आपल्याकडे.” शुभंकरला हसून हसून उचकी लागली. मग त्याने चिखलाचे दोन्ही हात नानांच्या पँटला पुसले, आणि नानांचं लक्षही गेलं नाही.

काका ते बघत होते. “हडप्पाच्या मडक्याला डोळे असतात का?” असं काहीतरी पुटपुटले. मग बऱ्याच वेळाने, मला ऐकू येईल न येईल असं म्हणाले, “माझ्या कपड्यांना कधी पुसले नाहीत त्याने हात.”

मी थट्टा करणार होते. केली नाही.

मग अपूर्वाने एका खापराचं मोठं चित्र दाखवलं. “हे बघा, इथे खळगा दिसतो? घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा आहे. माणूस गेला, गाव गेलं, त्याची भाषा आपल्याला वाचता येत नाही. पण अंगठा राहिला.” झालं! सगळी मुलं ठसे उमटवायला लागली. शुभंकरने आपल्या मडक्याच्या खांद्यावर अंगठा दाबला. शेजारी नानांचा दाबून घेतला. एक छोटा खळगा, एक मोठा.

काकांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

मडकी फळीवर सुकायला ठेवून सगळे पन्हं प्यायला गेले. काकांनी अर्धा पेला प्यायला आणि म्हणाले, “चष्मा राहिला वाटतं तिकडे.” चष्मा त्यांच्या नाकावर होता. अर्थात मी मागोमाग गेले.

मांडवात कुणी नव्हतं. काका फळीपाशी उभे होते. इकडेतिकडे बघून त्यांनी उजवा अंगठा हातातल्या पेल्यातल्या उरलेल्या पन्ह्यात बुडवला आणि त्या दोन खळग्यांच्या मधोमध ठेवला. हलकेच दाबला. ठसा नीट उमटेना. माती वरून घट्ट झाली होती. मग जोर लावला. वरची माती घट्ट, आतली ओली. मडक्याचा खांदा आत बसला, मान मोडली, आणि काकांचा हात मनगटापर्यंत पोटात गेला. तेवढ्यात रखवालदाराची शिट्टी.

“ओ आजोबा! हात बाहेर काढा! बाहेर काढा म्हणतो ना!”

बातमीत खरं होतं ते एवढंच.

सगळे धावत आले. शुभंकर सर्वांत पुढे. मडक्याकडे बघून त्याचा खालचा ओठ थरथरू लागला. काकांनी हात मागे लपवला. “पडत होतं. मी सावरायला गेलो,” ते म्हणाले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस फार वाईट खोटं बोलतो.

बद्रीनाथरावांनी खाली वाकून त्या पडझडीकडे बघितलं. मग काकांच्या लपवलेल्या हाताकडे. “हाव ना,” ते म्हणाले, “वाकडंच होतं ते. माझ्याच हातचं वाकडं. पडलंच असतं जी, तुमचा काय दोष?”

सांगते, त्या क्षणी काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. नातू यांचा, दात यांना दिसला, जागा यांना मिळाली, ठसा यांचा उमटला, आणि आता वर मोठेपणाही यांनीच दाखवायचा! एवढं काही काकांना सोसण्यासारखं नव्हतं.

“माझा दोष आहे,” काका ताडकन म्हणाले. “मीच अंगठा दाबला. मुद्दाम.”

“का?” शुभंकरने विचारलं.

काका नातवाकडे न बघता म्हणाले, “मलाही हवा होता. त्यावर.”

शुभंकरला रडण्याऐवजी राग आला. “मग सांगायचं ना मला! मी दाबू दिला असता. असं चोरून काय?”

अपूर्वाने मातीचा नवा गोळा आणून ठेवला. बद्रीनाथराव गुडघ्यावर हात ठेवून मागे सरले. काकांनी सवयीने तोंड उघडलं, पण ते काही म्हणायच्या आत पोराने त्यांची बाही ओढली. “आजोबा, बसा इथे. मोडलंत ना? करा मग.”

काका कडक इस्त्रीसकट मातीत बसले. बसल्या बसल्या “मोहेंजोदडोला...” एवढं म्हणाले.

“बोलू नका. मळा आधी.”

मग काका मळत राहिले. शुभंकर मधूनमधून “एवढं पातळ नको”, “अजून मळा” असं सांगत होता आणि काका, ज्यांनी जन्मात कुणाचं ऐकलं नाही, ते ऐकत होते. चिखल कोपरापर्यंत गेला. दोरीमागून बद्रीनाथरावांनी आवाज दिला, “डोळे लावा जी त्याला!” तर काका मान वर न करता म्हणाले, “आमच्या मडक्याला काय लावायचं ते आम्ही बघू.” ‘आमच्या’वर चांगलाच जोर होता.

नवं मडकं सरळ झालं, अगदी पुस्तकातल्यासारखं. शुभंकरने ते फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाला, “पहिलं जास्त छान होतं.” तरी मडकं हातात घेऊन तो मांडवभर दाखवत फिरला, “आजोबांनी आणि मी केलंय,” असं ओळख नसलेल्यांनाही सांगत. मग मडकं गेलं हडपसरला, कारण पोरगं हडपसरला राहतं. गाडी निघताना नाना ते मांडीवर घेऊन बसले होते. फुटू नये म्हणून.

आमच्या जिन्यात पोचेपर्यंत मी कसाबसा दम धरला, मग विचारलंच.

“काका, खरं सांगा, अजूनही व्याह्यांवर जळता ना?”

काकांनी कुलपात किल्ली घातली. मागे वळून न बघता म्हणाले, “जळतो की. नातू माझा आहे. मी नाही जळायचं, तर काय तुम्ही जळायचं?”