ओहायोची पत्रं आणि खालच्या मजल्यावरचं भांडण

नवऱ्याला ग्लासगोच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी लागली आणि आम्ही तिथे राहायला गेलो. खालच्या फ्लॅटमध्ये एक निवृत्त स्कॉटिश शिक्षिका एकट्याच राहायच्या. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी जवळजवळ गेलेली. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुला जुनं अक्षर लागतं का गं? घरातली काही पत्रं मला पुन्हा ऐकायची आहेत."

मग मी दुपारची त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांच्या पणजोबांची बहीण लग्न करून अमेरिकेत ओहायोला गेली होती. तिनं भावाला लिहिलेली ती पत्रं. कागद वाचवायला बाई आधी आडवं लिहायची, मग तोच कागद फिरवून त्याच मजकुरावर उभं. पहिल्या दिवशी मला एक ओळ धड लागेना. हळूहळू डोळ्यांना सवय झाली. गुलामगिरी हे पाप आहे, असं ती ठणकावून लिहायची आणि लगेच पुढे, गाईचं दूध आटलंय, धाकटीचा खोकला जात नाही. मग तिकडे गुलामगिरीवरूनच यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतला कापूस यायचा बंद झाला आणि इथे भावाची गिरणी थंडावली. त्यानं तिला काय सुनावलं असेल ते तिच्या उत्तरांवरूनच कळायचं. नंतर नंतर पत्रांतलं राजकारण संपलं. हवा, मुलं, सफरचंदाचा जॅम. बस्स.

"शहाणी होती, भांडण मिटवलं तिनं," मी म्हणाले.

"मिटवलं कुठे? बोलणंच सोडलं," त्या फटकन म्हणाल्या. "खोकला नि जॅम काय, कुणालाही लिहिता येतं."

मग त्यांनी आपल्या मुलाचं सांगितलं. इराकवर हल्ला होणार म्हणून निघालेल्या विरोधाच्या मोर्चात त्या काठी टेकत गेल्या होत्या. मुलाला युद्ध योग्यच वाटत होतं. दोघांचं चांगलंच वाजलं. तेव्हापासून तो फोन करायचा, पण विचारायचा काय, तर हीटिंग नीट चालतंय ना.

"त्याचा नंबर लावून दे," त्या म्हणाल्या.

मी लावून दिला. हॅलोसुद्धा न म्हणता त्यांनी सुरुवात केली, "तुझं ते युद्ध मला अजूनही चूकच वाटतं. तुझं काय म्हणणं आहे ते इथे येऊन सांग."

तो इंग्लंडात, लंडनजवळच्या ब्रॅकनेलला कॉम्प्युटर कंपनीत होता. शनिवारच्या विमानानं आला. रविवारी खालून एवढे आवाज यायला लागले, की नवरा म्हणाला, "अगं, जाऊन बघ तरी."

दार उघडंच होतं. टेबलावर सूप गार झालेलं, दोघांचे चेहरे लालबुंद.

"आई, तू मला बोलूच देत नाहीस!"

"मुद्द्याचं बोल, मग देते."

मला बघून तो ओशाळून हसला आणि माझ्यासाठी खुर्ची ओढली.

मत शेवटपर्यंत दोघांचंही बदललं नाही. पण तो महिन्या-दोन महिन्यांनी यायला लागला. तो येणार असला, की आदल्या दिवशी त्या मला बोलावून घ्यायच्या आणि आठवड्याभराचे पेपर मोठ्यानं वाचायला लावायच्या.