इतिहासाची तीनचाकी

लष्कर मोहल्ल्यात माझ्या मेकॅनिकच्या दारात एक जुनाट तीनचाकी उभी असते. पुढून मोटरसायकल, मागे दोन चाकांवर लाकडी पेटी. ती चालू झालेली मी कधीच पाहिली नाही. तिचा इतिहास मात्र रोज चालू असतो. बेकरीवाला स्कूटर घेऊन आला, की या गाडीनं एके काळी अख्ख्या म्हैसूरला पाव पुरवलेला असतो. शिंप्याला मेकॅनिक ऐकवतात, राजवाड्याच्या पडद्यांचं कापड हिच्यातूनच गेलं. मी शाळेत शिकवतो. माझ्या स्कूटरचा प्लग घासत ते म्हणाले, "मेष्ट्रे, सगळ्या शाळांची पुस्तकं हिनंच नेली की. स्वल्प मानानं बघा तिच्याकडे."

इतक्या थापा मारणारा माणूस ब्रेक तरी नीट लावतो का, अशी शंका मला प्रत्येक उतारावर यायची.

यंदा दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गाड्या-अवजारं पुजायच्या आयुधपूजेच्या सकाळी जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ बंगळुरूहून आले. "हिनं काय काय वाहिलं तेवढं सांगा. इतिहास असेल तर आत्ता घेऊन जातो." मी स्टूल ओढून बसलो. आता पाव, पडदे, पुस्तकं, सगळं एकदम निघणार!

"गोत्तिल्ला, सर," ते हात पुसत म्हणाले. "मला काय माहीत नाही. सुम्ने, उगीच उभी आहे."

गृहस्थ हिरमुसून गेले. मेकॅनिकनी शांतपणे तिन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं आणि मला हाक मारली. "या मेष्ट्रे, ढकला. पूजेची लिंबं चाकांखाली चिरडायला पाहिजेत. तुमची पुस्तकं नेलेली गाडी आहे."

मी खांदा लावला. खरं सांगतो, आत पुस्तकं भरल्यासारखी जड लागली.